निचऱ्याची वही

सातला पहिलं पाणी सुटतं.
त्याआधी जांभळ्या औषधपाण्यात पाय बुडवायचे,
पहिलं दार लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही,
आणि तिसाव्या ओळीतल्या चौथ्या पिशवीखालचा
मापाचा मग रिकामा आहे ना, बघायचं.

माझं काम एवढंच. मोजणं.
ढोबळी मिरची तोडायला बारा बायका आहेत,
फवारणीला गणपत, टाक्यांना सुभान.
मला वही दिलीय. तिच्यात दोन रकाने:
दिलं. निघालं.

दिलं हजार, निघालं तीनशे दहा.
दिलं हजार, निघालं तीनशे चाळीस. आभाळ होतं.

तीनशे वाया? पहिल्याच आठवड्यात विचारलं मी.
मॅडम हसल्या. वाया नाही वैजयंता, निचरा म्हणायचं.
तेवढं धुऊन गेलं नाही तर मिठं बसतात मुळाशी,
पाण्यात उभं राहून झाड तहानेनं जातं.
पटलं.
आमच्याकडे तांदूळही तीन पाण्यांनी धुतात,
पण ते पाणी म्हशीला जातं.

मीटर बुडवला की आकडा उठतो:
आत जाताना दोन, बाहेर येताना तीन.
झाड घोट घेतं
आणि मीठ ताटात ठेवून उठतं.

प्लास्टिकखाली नळी आहे, नळीला उतार आहे,
उतार संपतो शेडच्या मागं. तिकडं कुणी फिरकत नाही.
मी गेले, मोबाईलला रेंज मिळते म्हणून.

बघते तर अळू.
सुपाएवढी पानं, मनगटाएवढे देठ.
आत आम्ही थेंबाथेंबाचा हिशेब ठेवतो,
कॅल्शियम या टाकीत, सल्फेट त्या टाकीत,
एकत्र आलं की दही होतं म्हणून सुभानला शिव्या,
आणि इथं हे, कुणी न लावलेलं,
आमच्या निचऱ्यावर मस्तवाल.
दोनदा वड्या केल्या. बायका म्हणाल्या, जरासुद्धा खाजत नाही गं.

अळूपुढे ओहोळ. ओहोळावर शेवाळ,
इतकं दाट की कोंबडीला वाटावं जमीन आहे.
एका कोंबडीला वाटलं होतं.
ओहोळापुढे पारूबाई गांगोडेची विहीर.
त्याच्याही पुढे बाणगंगा असेल. तेवढ्या लांब मी गेले नाही.

पारूबाईची सून बाळंत झाली,
आशाताईनं विहिरीची बाटली नाशिकला तपासायला पाठवली.
कागद आला. नायट्रेटसमोर आकडा,
आकड्यासमोर लाल शाई:
बाळाच्या दुधात हे पाणी घालू नये.

तो कागद पारूबाईनं माझ्याकडे आणला.
तू वहीवाली. तुला आकडे कळतात. हे कुठनं आलं?
तिनं पेला उन्हात धरला.
पाणी नितळ. पलीकडचा लिंब पानापानानं दिसत होता.
मी म्हणाले, बघते.

द्राक्षबागा आहेत, गोठे आहेत, कांद्याला युरिया पडतो,
एकट्या आमच्यावर कसं येईल?
हे सगळं खरं आहे.
घरी येईपर्यंत मी ते पाठ केलं.

रात्री वही काढली.
तीनशे दहा, दिवसाला पाच पाळ्या, पिशव्या अडीच हजार.
तीनदा मांडलं. तिन्ही वेळा तेच:
रोज पावणेचार हजार लिटर आणि वर.
उन्हाळ्यात टँकरमागं धावतो आम्ही. पाऊण टँकर रोज आम्हीच सोडतो.

पट्टी घेतली, तिसरा रकाना आखला.
गेलं कुठं.

पिंगळेभाऊंनी वही पाहिली, बराच वेळ.
ओझरहून उठलेलं विमान शेडवरून गेलं, छत थरथरलं.
पाणी फिरवून वापरायचं तर गाळणी लागते, म्हणाले,
दिवे लागतात, एका झाडाचा रोग सगळ्यांना जातो.
पुढच्या लावणीला बघू.
वही परत देताना मात्र रकाना खोडला नाही.

आज सुभाननं नळीच्या तोंडाशी निळा ड्रम लावला.
साडेदहाला तो भरला.
सुभान म्हणाला, आता?
मी आधी वहीत लिहिलं: ड्रम, दोनशे लिटर.
मग दोघं उभे राहिलो,
काठावरून पहिली धार
अळूकडे वळताना बघत.